पाच हजार लिटरचा जीव

ब्लोअरचा आवाज बदलला तेव्हा सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. धाकटी प्रयोगशाळेत टाकीतल्या नमुन्याची आम्लता मोजत होती. रोजच्या घोंघावण्यात मधूनच खर्र खर्र ऐकू आलं, कुणी दाताखाली वाळू चावावी तसं. हातातलं काम तसंच टाकून ती पळत सुटली.

व्हिनेगरच्या त्या कारखान्यात तिला सगळे धाकटीच म्हणत. तिचे सासरे तिथे एकतीस वर्षं फोरमन होते. धाकट्या मुलाची बायको जिवाणूंचं शिक्षण घेऊन तिथेच नोकरीला लागली, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी भर कारखान्यात "धाकटे, इकडे ये!" अशी हाक मारली. ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. आता सासरे घरी असत. फुप्फुसं थकली होती, नाकाला ऑक्सिजनच्या यंत्राची नळी होती, पण रोज संध्याकाळी सून घरात शिरली की पहिला प्रश्न ठरलेला: "टाकी कशी आहे?"

टाकी म्हणजे पाच हजार लिटरची मोठी टाकी. त्यातले जिवाणू सासऱ्यांनी बावीस वर्षांपूर्वी एका काचेच्या बरणीतून वाढवले होते. दर खेपेला तयार व्हिनेगर काढून घ्यायचं, तिसरा हिस्सा तळाशी ठेवायचा, वरून नवं अल्कोहोल सोडायचं. जिवाणू अल्कोहोल खात आणि व्हिनेगर करत. त्यांना लागे ती हवा, आणि तीही अखंड. ब्लोअर तळातून रात्रंदिवस बुडबुडे सोडत असे. माणूस दम कोंडून मिनिटभर तरी तग धरतो, यांचं तेवढंही खरं नाही, असं सासरे म्हणत.

ती पोचली तेव्हा फिटर आधीच ब्लोअरपाशी वाकला होता. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून तो ऐकत होता. साठीच्या घरातला हा माणूस सासऱ्यांचा जुना जोडीदार. कुठलंही काम सांगा, हात लावायच्या आधी तो "झालंच!" म्हणायचा, म्हणून कारखान्यात त्याचं नावच झालंच पडलं होतं. आज मात्र त्याने ते म्हटलं नाही.

"बेअरिंग गेलं, धाकटे."

"किती वेळ चालेल, काका?"

"तासभर. फार तर सव्वा. मग अडकून बसेल आणि मोटरलाही घेऊन जाईल."

"आणि बदलायला?"

"नवं आहे स्टोअरमध्ये. वीस मिनिटं लागतील. पण तेवढा वेळ ब्लोअर बंद पाहिजे."

जोडीचा दुसरा ब्लोअर आठ दिवसांपूर्वी दुरुस्तीला गेला होता. त्याच्या जागी नुसते चार बोल्ट उभे होते. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं.

एरवी मिनिटभराचा खंड जिवाणूंनी कसाबसा सोसला असता. पण आज टाकी एरवीसारखी नव्हती. मोठ्या गिऱ्हाइकाला कडक व्हिनेगर हवं होतं, आणि लवकर हवं होतं. अल्कोहोल वाढवायला मालकांनी सांगितलं तेव्हा धाकटीने त्यांना समजावलं होतं.

"साहेब, प्रत्येक जिवाणूच्या अंगाभोवती स्निग्ध पदार्थांचं पातळ वेष्टण असतं. कातडीच समजा. अल्कोहोल ती कातडी सैल करतं, मग ती गळायला लागते आणि बाहेरचं आम्ल आत शिरतं. हळूहळू वाढवलं तर ते कातडीतले स्निग्ध पदार्थ बदलतात, तिला घट्ट करतात. पण त्याला वेळ लागतो आणि भरपूर हवा लागते. हवा नसली तर नवी कातडीही घडत नाही आणि आत शिरलेलं आम्ल बाहेर टाकायची ताकदही राहत नाही."

"म्हणजे शिंप्याला कोट शिवायला वेळ द्यायचा."

"हो."

"किती?"

"तीन आठवडे."

"चार दिवस देतो," मालक हसत म्हणाले होते. "शिंप्याला सांग, लग्नघर आहे."

आज पाचवा दिवस होता. सकाळचं मोजमाप तिच्या डोक्यात होतं: आम्लता साडेदहा टक्के, अल्कोहोल वरच्या काठाला, आणि जिवाणूंचा कोट अर्धाच शिवलेला. अशा टाकीची हवा तोडली तर काही सेकंदांत सगळं संपलं असतं.

"काका, समोरच्या वेल्डरकडे ऑक्सिजनचा सिलिंडर असतो ना?"

झालंचने तिच्याकडे रोखून पाहिलं, मग तो फाटकाकडे धावला. दहा मिनिटांत दोघं सिलिंडर ढकलत घेऊन आले. काटा अर्ध्याच्याही खाली होता. "एवढाच आहे बघा," वेल्डर म्हणाला. "दुसरे दोन संपलेत, गाडी संध्याकाळी येते."

तेवढ्यात मालक आले. त्यांना कुणीतरी सांगितलंच होतं. शर्टाच्या बाह्या दुमडत ते म्हणाले, "काय ते लवकर सांग."

"टाकीतला निम्मा माल रिकाम्या टाकीत काढायचा आणि तेवढंच कोमट पाणी भरायचं. आम्ल निम्म्यावर येईल, अल्कोहोल निम्म्यावर येईल, खाणारी तोंडंही निम्मीच उरतील. कातडीवरचा ताण उतरला की या अर्ध्या सिलिंडरवर वीस मिनिटं निघतील. निदान निघायला हवीत."

"आणि माझी ऑर्डर?"

"ऑर्डर जाईल, साहेब. टाकी पुन्हा कडक व्हायला महिना लागेल."

मालकांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता, पण या गिऱ्हाइकामागे त्याने वर्षभर चपला झिजवल्या होत्या. "पाणी न घालता चालवलं तर? सिलिंडर दोन असले तर?"

"तर कदाचित निभावेल. पण दुसरा आणायचा कुठून?"

खिशातून फोन काढून ते बाहेर गेले. धाकटीला वाटलं, गॅसवाल्याला लावत असतील. ती बॉयलरच्या पाण्यात थंड पाणी मिसळायला लागली. पाणी तिशीच्या आसपास हवं होतं. गार पडलं असतं तर तोही मार, तापलं असतं तर तोही.

थर्मामीटर बुडवून ती उभी असतानाच तिचा फोन वाजला.

"धाकटे." सासऱ्यांचा आवाज. प्रत्येक दोन शब्दांमागे एक श्वास. "टेम्पो निघालाय. सिलिंडर दिलाय पाठवून."

कुठला सिलिंडर, हे तिला विचारावं लागलं नाही. घरी एकच होता. वीज गेली की यंत्र बंद पडायचं, तेव्हासाठी पलंगाशेजारी उभा केलेला. तो भरलेला नसताना घरात एक तासही काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"बाबा! आई कुठे आहेत?"

"बाहेर गेलीय. म्हणून तर देता आला."

"आणि वीज गेली तर?"

"जाईलच असं कुठे आहे?"

"या महिन्यात तीनदा गेलीय. एकदा दोन तास."

"हे बघ." ते थांबले. श्वासाची शिट्टी तिला फोनमधून ऐकू आली. "बावीस वर्षं सांभाळलंय मी ते. तुझ्या नवऱ्यालाही एवढं सांभाळलं नाही. मालकांचा फोन आला. म्हणाले, टाकी जातेय. मी काय बसून राहू?"

"मी परत पाठवतेय."

"परत पाठवलास तर घरी येऊ नकोस," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

मागे ब्लोअर आता नुसता खरखरत नव्हता, कण्हत होता. टेम्पो फाटकातून आत आला तो मालकांच्या पाठोपाठच. हौद्यात जाड दोरीने बांधलेला सिलिंडर पाहून मालकांच्या चेहऱ्यावर जीव आला. "चला, जोडा दोन्ही," ते म्हणाले.

धाकटी टेम्पोच्या मागच्या फळीला हात लावून उभी राहिली.

"हा लागणार नाही, साहेब."

"अगं, त्यांनी स्वतःहून दिलाय."

"तुम्ही मागितलात."

"मागितला नाही. टाकी जातेय एवढंच सांगितलं."

"ते ऐकल्यावर बाबा काय करणार, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

मालकांनी मान फिरवली. ड्रायव्हर एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. धाकटीने फळीवरचा हात काढला नाही. "मला आजच्या आज काढून टाका. पण हा सिलिंडर टाकीला जोडायचा नाही. घरी त्या यंत्राशिवाय त्यांच्याजवळ काही नाही आत्ता. आपण इथे बोलतोय तोवर वीज गेली तर?"

"साहेब," झालंच हळूच म्हणाला, "माझ्या हातून तरी हा जोडला जाणार नाही."

मग मालकांनी ड्रायव्हरला हाताने खूण केली. "जा. सरळ घरी जा, वाटेत कुठे थांबू नकोस. आणि त्यांच्या पलंगाशेजारी स्वतः उभा करून ये." टेम्पो वळला. मालक टाकीकडे बघत म्हणाले, "काढा निम्मा माल."

तळाचा व्हॉल्व्ह धाकटीने स्वतः उघडला. पिवळसर, फेसाळ व्हिनेगर मोठ्या नळातून खळखळत निघालं. वास इतका झोंबत होता की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते वासामुळेच आहे हे कुणाला सांगायची गरज पडली नाही. निम्मी टाकी रिकामी झाली, मग कोमट पाणी भरलं. दहा पंचवीसला तिने नमुना घेतला. आम्लता सव्वापाच.

झालंचने अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला तेलाच्या डब्यात नवं बेअरिंग तापत ठेवलं होतं, फुगून दांड्यावर सहज सरकावं म्हणून. एरवी तो ज्योत लावून तिथल्या तिथे काम उरकायचा. आज धाकटीने निक्षून सांगितलं होतं, "काका, टाकीजवळ ठिणगी नको. शुद्ध ऑक्सिजन आणि अल्कोहोलची वाफ. एक ठिणगी उडाली तर आपण कुणीच उरणार नाही." पोलादी हातोडी बाजूला ठेवून त्याने तांब्याची घेतली होती. वेल्डरने खिशातली काडेपेटी काढून फाटकाबाहेर नेऊन ठेवली.

"बंद करू?" झालंचने विचारलं.

धाकटीने सिलिंडरची नळी हवेच्या पाइपला जोडली, दोनदा ओढून पाहिली. "करा."

ब्लोअर थांबला. बावीस वर्षांत त्या खोलीने अशी शांतता ऐकली नव्हती. टाकीतला ढवळणारा पंखा तेवढा मंद गुरगुरत होता. पाण्यात किती ऑक्सिजन विरघळलाय ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा लगेच खाली झुकला. धाकटीने सिलिंडरची चावी पाव फेरा उघडली. काटा थबकला. आणखी थोडी. काटा वर सरकला. फार वर जाऊ देऊनही चालणार नव्हतं, कारण शुद्ध ऑक्सिजन अति झाला तर तोही जिवाणूंना जाळतो. एक डोळा मीटरवर, एक सिलिंडरच्या काट्यावर ठेवून ती चावी केसाएवढी इकडे-तिकडे करत राहिली.

पाचव्या मिनिटाला झालंचचा घाम टपटप खाली पडत होता. जुनं बेअरिंग जागचं हलेना.

सातव्या मिनिटाला फस्स असा आवाज झाला आणि काटा कोसळला. नळी सांध्यातून निसटली होती. धाकटीच्या दोन्ही हातांत काम, झालंचचे हात ब्लोअरमध्ये. मालकच पुढे झाले. सांध्यावर नळी दाबून त्यांनी दोन्ही हातांनी मूठ आवळली. सुटणारा वायू बर्फासारखा गार होता. "सोडू नका, साहेब," ती म्हणाली. "नाही सोडत," ते दात आवळून म्हणाले.

अकराव्या मिनिटाला जुनं बेअरिंग निघालं. वेल्डरने तेलातून नवं काढलं आणि चिमट्यात धरून पळत आणलं. ते दांड्यावर बसायला पाहिजे होतं तसं बसलं नाही, वाकडं अडकलं. झालंचने एक शिवी हासडली, तांब्याच्या हातोडीने तीन नाजूक टोले दिले, आणि ते आत सरकलं.

सतराव्या मिनिटाला सिलिंडरचा काटा शून्याला टेकला. धाकटीने चावी पूर्ण उघडली. नळीतून आणखी थोडा सुस्कारा आला, मग तोही थांबला.

"काका, संपला."

"दोन बोल्ट राहिलेत."

"काका!"

मीटरचा काटा खाली आला, खालच्या रेघेला टेकला आणि तिथेच पडून राहिला. धाकटी मनातल्या मनात सेकंद मोजत होती. चाळीस. सत्तर. नव्वद. तिने मोजणं सोडून दिलं.

"झालंच!" तो ओरडला आणि त्याने बटण दाबलं.

ब्लोअर घोंघावला. टाकीच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचा सडा उसळला. वेल्डरने टाळ्या पिटल्या. मालकांनी नळी सोडली. त्यांची बोटं पांढरीफटक पडली होती. मीटरकडे पाहून ते म्हणाले, "चढला! वर चाललाय बघ!"

"वर जायला नको, साहेब," धाकटी कशीबशी म्हणाली. "ते श्वास घेत असते तर ऑक्सिजन आल्या आल्या संपला असता. खाणारं कुणी नाही म्हणून साठतोय."

काटा चढत चढत जवळजवळ वरच्या टोकाला गेला. टाकीचं तापमानही उतरायला लागलं. जिवंत टाकी आपणहून तापते, तिला गार पाण्याने सतत थंड ठेवावं लागतं. ही मात्र तिशीवरून साडेअठ्ठावीसवर आली, मग अठ्ठावीसवर. धाकटीने थंड पाण्याचा नळ बंद केला आणि टाकीच्या अंगाला तळवा लावून ती खाली बसली. चहा आला, निवून गेला. मालक दोनदा आले आणि काटा बघून परत गेले. तिच्या डोक्यात होतं ते एवढंच, की संध्याकाळी घरी काय सांगायचं. घरी जाता आलं तर.

बारा चाळीसला काटा अडकल्यासारखा थांबला. तिला वाटलं, मीटर बिघडलं. तिने काचेवर टिचकी मारली. काटा एक घर खाली आला. थोड्या वेळाने आणखी अर्धं घर.

"काका," तिने हाक मारली. "काका, कुणीतरी खातंय."

सव्वा वाजता तापमान सत्तावीस पॉइंट सहा होतं. दोनला सत्तावीस पॉइंट सात. झालंचने तो आकडा भिंतीवर खडूने लिहिला आणि मग नाक शिंकरण्याच्या निमित्ताने तो बराच वेळ बाहेर गेला.

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. "ये आत," त्या म्हणाल्या. "तू येऊ नकोस म्हणाले होते ना ते? मी त्यांना सांगितलंय, तसं असेल तर मीही तिच्याबरोबर जाते, मग बसा त्या यंत्राशी गप्पा मारत."

सासरे खिडकीशी बसले होते. त्यांनी मान वळवली नाही. ती समोर जाऊन बसली.

"वीज गेली होती का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही बरोबर होतात."

"मी बरोबरच होतो." त्यांनी श्वास घेतला. "माझा सिलिंडर. माझे जिवाणू. मला विचारलंस का?"

"नाही विचारलं. आणि पुन्हा अशी वेळ आली तरी नाही विचारणार, बाबा. रागवायचं तर रागवा."

ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की रागच होता, हे तिला कळलं नाही. "नुसता बसून असतो मी इथे," ते अखेर म्हणाले. "आज पहिल्यांदा कुणाला तरी काही हवं होतं माझ्याकडचं."

खोलीत यंत्राचा फुसफुस आवाज येत राहिला. मग तिने खाली बघतच सांगितलं, "निम्म्याहून जास्त मेले असतील. उरलेत ते कमजोर आहेत. उद्यापासून अल्कोहोल वाढवायचं म्हणते. रोज अर्धा टक्का."

"अर्धा?" ते ताठ झाले. "वेड लागलंय का? पाव. तेही तीन दिवस थांबून."

"पावाने दीड महिना लागेल. पुस्तकात अर्ध्यापर्यंत चालतं असं दिलंय."

"पुस्तकाला काय होतंय! आज मरता मरता वाचलेत ते. आधी अंगात धरू दे. फेस बारीक झाला, चिवट झाला, की समजायचं."

जेवायला बोलावलं तरी दोघांचा वाद चाललाच होता. शेवटी पाव टक्क्यावर ठरलं.

एकेचाळीस दिवस लागले. ऑर्डर दुसरीकडे गेली आणि मालक पंधरा दिवस धाकटीशी कामापुरतं बोलत होते. मग एक दिवस दुरुस्तीला गेलेला ब्लोअर परत आला, त्याच्यापाठोपाठ नवा तिसराही आला, आणि अल्कोहोल किती वाढवायचं ते धाकटी ठरवेल असं मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं. त्या बिघाडाच्या सकाळचा आणि एकेचाळिसाव्या दिवसाचा असे दोन नमुने तिने कॉलेजातल्या आपल्या जुन्या बाईंकडे पाठवले होते. उत्तर आलं: पहिल्यातल्या जिवाणूंच्या कातडीत तिला घट्ट ठेवणारा स्निग्ध पदार्थ जेमतेम होता, दुसऱ्यात त्याच्या अडीचपट.

तो कागद तिने सासऱ्यांना दिला. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला, त्या पदार्थाचं लांबलचक नाव तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. चौथ्यांदा स्वतः म्हणायला गेले आणि दम लागून हसायलाच लागले. सासूबाई पाणी घेऊन धावल्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली आणि विचारलं, "आज फेस कसा होता?"

"चिवट," धाकटी म्हणाली.